भिंतीतला गूळ

आमची शाळा मी चाटून चाटून संपवत आणली होती. चौथी पास होऊन वेळेत बाहेर पडलो म्हणून ती वाचली. अजून दोन वर्षं नापास झालो असतो तर भिंतीला आरपार भोक पडून पलीकडचा जोतिबाचा डोंगर दिसायला लागला असता.

हे मी आजवर भेटेल त्याला सांगत आलोय. पोरगी द्यायला आलेल्या सासऱ्यांना सांगितलं, दुकानात सिमेंट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, जीभ बघायला म्हणून तोंड उघडायला लावणाऱ्या डॉक्टरांना तर तोंड उघडंच होतं म्हणून सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. बायको म्हणते, "ह्यांचं बोलणं आधी चाळणीतनं काढायचं, मग निवडायचं, आणि उरलं तर ऐकायचं." नात विचारते, "आजोबा, भिंतीला फ्लेवर कुठला होता?"

गुळाचा, बाळ. दुसरा कुठला असणार?

जोतिबाच्या पायथ्याला आमचं गाव. गावात शाळा म्हणजे एक खोली. पण ती खोली अशी, की तिच्यापुढं आज मी राहतो तो कोल्हापुरातला तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे पत्त्यांचा बंगला. खाली गुडघाभर काळ्या दगडाचं जोतं. त्यावर विटांच्या भिंती, इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर दोन पोरं पाय पसरून झोपायची आणि तिसऱ्याला पायथ्याशी जागा उरायची. विटा गावच्याच ओढ्याच्या मातीच्या, गावातच भाजलेल्या. कुठली लाल, कुठली करपून काळी. दाराशेजारच्या एका विटेत कुत्र्याचा पंजा उमटला होता. वीट ओली असताना ते कुत्रं तिच्यावरनं गेलं असणार. आम्ही जाता-येता त्या पंजात बोट घालायचो. ते कुत्रं वाघाएवढं होतं असं मी लहान पोरांना सांगायचो. खरं तर पंजा माझ्या अंगठ्याएवढा होता.

खिडक्यांवर लाकूड नाही, लोखंड नाही, विटांचीच कमान. वरती सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. त्या कौलांत एकच काचेचं कौल. त्यातनं उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा, आणि तेच आमचं घड्याळ. सकाळी तो चौकोन पहिलीच्या पोरांच्या पायाशी असायचा, दिवसभर फरशीवरनं सरकत सरकत संध्याकाळी चौथीच्या भिंतीला टेकायचा. टेकला की शाळा सुटली. पावसाळ्यात चौकोनच पडायचा नाही. तेव्हा गुरुजींना भूक लागली की शाळा सुटायची.

खोली एक, गुरुजी एक आणि वर्ग चार. म्हणून चार भिंतींना चार वर्ग. मावळतीच्या भिंतीला पहिली, मग दुसरी, तिच्यासमोर तिसरी, आणि उगवतीच्या भिंतीला चौथी. पाठ भिंतीला लावून बसायचं आणि मध्ये खुर्चीवर गुरुजी. पास होणं म्हणजे भिंत बदलणं. चौथीच्या भिंतीला खिडकी होती आणि खिडकीत जोतिबाचा डोंगर. पहिलीत बसून मी समोर त्या खिडकीकडं बघत राहायचो. एवढीशी खोली, पण पहिलीच्या भिंतीपासनं चौथीची भिंत मला मुंबईएवढी लांब वाटायची. चैत्रात यात्रेला वारा फिरला की त्या खिडकीतनं गुलाल आत यायचा. नुसता चौथीवाल्यांच्या डोक्यावर. आम्ही पहिलीतले कोरडेच.

आता चाटायचं गणित. गुरुजी माणूस असल्यामुळं त्यांना एका वेळी एकाच भिंतीकडं बघता यायचं. उरलेल्या तीन भिंती त्या वेळात चाटल्या जायच्या. मान जराशी वळवायची, जीभ काढायची, की झालं. कारण आमच्या भिंतींचा गिलावा चुन्याचा होता, आणि त्या चुन्यात गूळ होता.

ह्यात माझी थाप नाही. सिमेंटच्या आधी चुना असाच मळायचे. विरवलेला चुना, वाळू, भिजवलेल्या हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. गूळ घातला की चुना धरतो. आणि आमच्या गावाला गुळाची काय वाण? हंगामात चारही बाजूंना गुऱ्हाळं पेटलेली. प्रत्येक गुऱ्हाळात काहिलीतनं उतरलेला पहिला रवा शाळेचा. गुळाच्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो. 'शाळेचा रवा' असं म्हणूनच तो बाजूला काढायचा. अर्धा फोडून पोरांना वाटायचा, अर्धा भिंतीला. हंगाम संपला की गवंड्याचं बिऱ्हाड शाळेच्या आवारात उतरायचं, चुन्याची घाणी धरायचं. दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. बैल पांढरा होता, त्याचं एक शिंग मोडकं होतं, आणि तो शाळेच्या कोपऱ्यावर आला की हटकून थांबायचा. वर्षभरात पावसानं जिथं जिथं भिंत खाल्ली असेल तिथं ते लोक चुना भरून जायचे. आतनं आम्ही खाल्लेलीही भरायचे.

तो बैल मला आजही डोळ्यापुढं दिसतो. बैलामागनं कोण चालायचं ते मात्र मला आठवत नव्हतं.

पुढं मी मोठा झालो, म्हणजे कोल्हापुरात सिमेंट विकायला लागलो. बरंच विकलं. अर्ध्या कोल्हापूरला माझं सिमेंट लागलंय असं मी म्हणतो. बायको चाळणी काढते ते सोडा. मग एक दिवस वाटलं, ज्या शाळेनं आपल्याला खाऊ घातलं तिच्यासाठी काही तरी करावं. मी ट्रकभर पोती गावाला धाडली. आतनं बाहेरनं सिमेंटचा गिलावा, त्यावर गुलाबी ऑइल पेंट, आणि दाराशेजारी संगमरवरी पाटी: 'कृतज्ञ माजी विद्यार्थ्याकडून शाळेस सप्रेम'. कुत्र्याचा पंजा त्या पाटीखाली गेला. गवंडी म्हणाला, जुना चुना काढतो. मी म्हणालो, कशाला, त्याच्यावरच छिन्नीच्या टाच्या मारून थाप, डबल मजबूत होईल. नारळ फुटला, हलगी वाजली, मला फेटा बांधला. भिंतीलाच तेवढा बांधायचा राहिला.

माणूस प्रेमात येऊन काय करील ते खरंच सांगता येत नाही.

यंदाची संक्रांत होऊन गेली आणि गावाकडनं फोन आला. चार वर्षं माझ्या शेजारी भिंतीला टेकलेला माझा दोस्त. आता तो गावात दूध डेअरी चालवतो.

"शाळा पाडणार हाईत," तो म्हणाला.

"कुठली?"

"आपली की. तू खाल्लेली."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गावात. आवारात नवी स्लॅबची शाळा कधीच झाली होती. आमची खोली आता सामान टाकायला. मोडकी बाकं, तांदळाची रिकामी पोती, गणपतीचं मखर. गुलाबी रंग फुगून त्याचे पापुद्रे निघाले होते. खाली कंबरेएवढ्या ओलीचे काळे डाग. आणि एक तरणी इंजिनिअरबाई, डोक्याला रुमाल, हातात स्क्रू ड्रायव्हर, भिंतीत खुपसून बघत होत्या. खुपसला की ओला भुसा बाहेर येत होता.

"निर्लेखनाचा प्रस्ताव आहे, काका," त्या म्हणाल्या. निर्लेखन म्हणजे आधी कागदावरनं पुसायचं आणि मग जमिनीवरनं. "भिंतीत ओल आहे. विटा आतून सुटायला लागल्यात. पोरं आवारात खेळतात, उद्या काही झालं तर?"

"मॅडम, ह्या भिंतीला हत्ती टेकला होता. जोतिबाच्या यात्रेतला. हत्तीची पाठ सोलली, भिंत हलली नाही!"

"हत्तीचा दाखला आहे का?"

दोस्त खो-खो हसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी थाप परत घ्यावीशी वाटली, कारण ह्या वेळी खरोखरच कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता.

तेवढ्यात दारातनं आवाज आला. "भित आजारी न्हाय वो म्याडम. गुदमारल्या."

दारात एक म्हातारी. हातात दुधाची रिकामी किटली, डेअरीला दूध घालून परत निघालेली. पंच्याहत्तरी ओलांडलेली असेल, पण पाठ ताठ. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. आमच्या जुन्या गवंड्याची लेक. ती आत आली, बोटाच्या पेरानं भिंतीवर टक टक केलं, कान लावला, पुढं सरकली, पुन्हा टक टक.

"ऐका. पोकळ वाजतंय. वरचं सिमिट सुटलंय आन् आत पाणी कोंडलंय. चुन्याच्या भितीत पाणी शिरतंय तसं भाईर बी जातंय. हिला आतनं भाईरनं बांधून घातल्यावर जाणार कुठनं? ही साल काढा. उनात वाळू दे. इटांस्नी काय बी झाल्यालं न्हाय." मग कंबरेवर हात. "कुणी क्येलं हे?"

सगळे पाटीकडं बघायला लागले. पाटीवर माझं नाव नव्हतं, पण दोस्त माझ्याकडं बघत होता, मग नव्या शाळेचे मास्तर, मग मॅडम.

"प्रेमानं केलं, आक्का," मी म्हणालो.

"व्हय की. मारायलाच टपल्यावानी प्रेम." आणि मला वरपासनं खालपर्यंत बघून, "कुठलं पावणं हे?"

ज्या गावात माझा जन्म झाला, ज्या गावाची शाळा माझ्या पोटात आहे, त्या गावात मी पावणा! डोळ्यात पाणी आलं. उन्हानं आलं असंही म्हणता येईल.

मॅडम वरनं कडक होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी ओल मोजायचं यंत्र घेऊन येते. विटा कोरड्या निघाल्या तर दुरुस्तीची शिफारस करीन. ओल्या निघाल्या तर काका, मी स्वतः पाडायचा कागद करणार. हत्ती आणला तरी."

म्हणजे जूनपर्यंत मुदत. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, असं आक्कानं सांगितलं. मी छिन्नी-हातोडा घेतला. सत्तरीकडं झुकलेला माणूस आणि त्याचंच सिमेंट. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, हे सिमेंट लावा, नातवाच्या नातवालाही निघणार नाही. त्या दिवशी कळलं की वरच्या अंगाला ते खरंच निघत नव्हतं. आयुष्यात एकच जाहिरात खरी केली आणि तीच मला भोवली. खांद्याचा भुगा झाला. दोस्त शेजारी बसून सल्ले द्यायचा. "हळू रं. भित खाल्लीस, आता वांती केल्यागत करालायस."

खालच्या अंगाला मात्र ओलीनं सिमेंट सुटलं होतं. पहिलीच्या भिंतीचा हातभर रुंद पापुद्रा एकदम निघून माझ्या पायाशी उपडा पडला.

त्याच्या पाठीवर टेंगळं होती. एका ओळीत, गुळगुळीत, लिंबाच्या फोडीएवढी. मी भिंतीकडं बघितलं. तिथं, त्याच ओळीत, जुन्या चुन्यात खळगे. सहा वर्षांचं पोर भिंतीला टेकून बसलं आणि मान वळवली तर जिथं तोंड येईल, बरोबर तिथं. गुऱ्हाळं बंद पडल्यावर ते कुणी भरले नसणार, आणि माझं सिमेंट त्या खळग्यांत जाऊन बसलं होतं.

मी ओरडलो. इतक्या जोरात, की डेअरीतल्या म्हशी पान्हा चोरून बसल्या. "बघा! कोण म्हणत होतं थाप मारतो? बघा!"

पुढचा आठवडा आम्ही वेड्यासारखे चारही भिंती उघडत होतो. दुसरीच्या भिंतीवर खळगे जरा वर. तिसरीच्या अजून वर. चौथीच्या भिंतीवर सगळ्यात वर, आणि तिथं कमी. चौथीत गेल्यावर पोरांना लाज वाटायला लागायची. तीन हात उंचीच्या आत ती सगळी शाळा वाढताना दिसत होती. मी बायकोला फोन करून बोलावून घेतलं. ती आली, बघितलं, खळग्यात बोट फिरवलं. "बाकीचं बी सगळं खरं होतं काय मग?" तिनं एवढ्या हळू आवाजात विचारलं की मला तिची काळजी वाटली.

आक्का मात्र खळग्यांपाशी उकिडवी बसून होती. संगमरवरी पाटी काढली तेव्हा खालचा कुत्र्याचा पंजा शाबूत निघाला. पाटी तिनं उचलून काखेत मारली. "ही मला दे. गुळगुळीत हाय. चुना मळायला बरी पडंल."

मार्च गेला, एप्रिल गेला. खिडक्या सताड उघड्या. मी दर शनिवारी गावाला जायचो आणि तळहात भिंतीवर ठेवून बसायचो. तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. ओलीची काळी रेघ कंबरेवरनं मांडीवर आली, मांडीवरनं गुडघ्यावर. ती उतरायची तेवढ्यानं माझं पित्त उतरायचं. पोरं खिडकीतनं विचारायची, "आजोबा, भिंत झोपलिया काय?"

आता गूळ पाहिजे होता. गावात ऊस आहे, मावत नाही एवढा आहे, पण सगळा कारखान्याला जातो. एक काहील उरलेली नाही. गावाला कळलं तसं प्रत्येक घरातनं गूळ आला, दुकानातला. आक्का उंबऱ्यात बसली, पुढं पोतं अंथरलं, आणि एकेक ढेप फोडून जिभेवर ठेवायला लागली. कुस्तीच्या पंचाचा एवढा दरारा नसेल.

"ह्यात रंग उजळायची पावडर हाय. न्हे."

"आक्का, चांगल्या दुकानातला हाय."

"दुकान चांगलं असंल. गूळ न्हाय."

मी कोल्हापुरातनं सोन्यासारखा पिवळाधमक रवा आणला होता, डोक्यावरनं मिरवत. तिनं तो फोडलाही नाही. नुसता बघितला. "एवढा पिवळा? पावणं, ह्यो गूळ हाय का हळदीची नवरी?"

शेवटी डोंगराच्या मागल्या अंगाला एका वाडीत एक गुऱ्हाळ अजून चालू असल्याचं कळलं. मी आणि दोस्त मोटरसायकलवरनं गेलो. हंगाम संपला होता, चुलवाण विझत आलेलं. म्हातारा गुळव्या काहील धूत होता.

"कशाला पायजे?"

"शाळेच्या भिंतीला."

त्यानं हात पुसले. जराही हसला नाही, दचकला नाही. आत गेला आणि काळपट तांबूस रवा दोन्ही हातांनी घेऊन आला. "आमच्यात बी शाळंचा रवा काढायची चाल हुती. पयला तर गेला औंदाचा. ह्यो शेवटचा न्या." वाटेत दोस्तानं आणि मी त्यातला कोपरा फोडून खाल्ला. पन्नास-साठ वर्षं मागं गेलो आणि कुणीतरी हॉर्न वाजवला म्हणून परत आलो.

घाणीचं दगडी चाक शाळेमागच्या गवतात सापडलं. मोडक्या शिंगाचा बैल कुठला सापडणार? चाकाला दोस्ताचा छोटा ट्रॅक्टर लावला. आक्का त्याच्या मागनं चालत होती, चुन्यात पाणी सोडत. गोल, गोल. बघता बघता माझ्या डोळ्यांपुढं एकदम तो पांढरा बैल आला, आणि त्याच्यामागं परकरातली चौदा-पंधरा वर्षांची एक पोरगी. हातात तांब्या.

"आक्का, ती तू हुतीस?"

"मग काय बैल एकटाच चुना मळत हुता?"

मी विचारलं, तू कुठल्या भिंतीला बसायचीस? कितवीला होतीस?

"मी कुठली शाळंत? मी बैलामागं. एका फेऱ्याला एकदा खिडकी यायची. तेवढ्यात एक शब्द कानावर पडायचा. दुसऱ्या फेऱ्याला पुढचा एखादा. मला बेचा पाढा येतोय, पर मधला मधला न्हाय. बे दुणे चार म्हाईत हाय. एकदम बे पंचे दहा. मधी काय झालं ते बैलाला ठावं."

ती थांबली नाही. खाली वाकून एका बाजूला वेगळा मळलेला चुना तिनं माझ्या संगमरवरी पाटीवर घेतला, त्यात तांब्यातलं गुळाचं पाणी ओतलं. मग अजून ओतलं. मग अजून.

"एवढा गूळ कशाला?"

"ह्यो खालच्या हातभर भितीला. तवा बी असंच करायचो मी, आप्पाच्या नकळत." (आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, दचकू नका.) " आप्पा वरडायचा, गूळ सरला कसा म्हणून. खिडकीतनं तुमची तोंडं दिसायची की. भितीला लावलेली." थापी पाटीवर आपटली. "म्हटलं, मला आत येता येत न्हाय, तर एवढं तरी जाऊ दे आत."

साठ वर्षं मी जगाला सांगत फिरलो की आमची शाळा गोड होती. ती गोड कुणी केली हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, शाळा गोडच असतात.

भिंत भरायला आक्का पहिलीच्या भिंतीपासनं बसली. खळगे भरू नको, निदान माझा तरी ठेव, अशी मी गयावया केली. पुरावा आहे आक्का, एवढा एकच पुरावा आहे माझ्याकडं! "पुरावा घिऊन जा घरला," ती म्हणाली, आणि टेंगळांचा सिमेंटचा पापुद्रा पायानं माझ्याकडं सरकवला. "भित भरायची म्हंजी भरायची." तिनं खळग्यात गोड चुना दाबला, अंगठ्यानं. माझा कुठला ते मला ओळखू आलं नाही. मी मात्र एकावर बोट ठेवून, हाच, असं दोस्ताला ठणकावून सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडम यंत्र घेऊन आल्या. आक्का तिसरीच्या भिंतीपाशी, हात कोपरापर्यंत पांढरे.

"आजी, जरा बाजूला होता का? मोजायचंय."

"थांबा वाईच. मी अजून तिसरीत हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी कौलांकडं.

"चौथी उघडी ठिवल्या तुमच्यासाठनं," आक्का म्हणाली. "नुसत्या इटा हाईत. मोजा किती मोजायचं ते."

ओल्या चुन्यावर मोजून काय कळणार? म्हातारीनं ते आधीच धरलं होतं. मॅडमनी चौथीच्या विटांवर खालनं वरपर्यंत यंत्र टेकवलं. जोत्याजवळ, कोपऱ्यात, खिडकीखाली. प्रत्येक ठिकाणी ते बारीक टिंग करायचं आणि माझं काळीज ढोल वाजवायचं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, एका विटेत खुपसला. गेला नाही. दुसरीत खुपसला. गेला नाही. तिसऱ्या वेळी टोकच वाकडं झालं.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. मग भिंतीच्या तळाकडं वाकून बघितलं. पहिलीपासनं दुसरीपर्यंत, बरोबर पोराच्या तोंडाच्या उंचीवर, काळ्या मुंग्यांची एक लांब ओळ लागली होती. मॅडमनी वहीत लिहिलं. मी खांद्यावरनं वाचलं: 'संरचना सुस्थितीत. निर्लेखन करू नये. चुन्याने दुरुस्ती चालू ठेवावी. मुंग्यांचा प्रादुर्भाव.'

त्या संध्याकाळी दोस्तानं सगळ्यांना चहा पाजला. मी गावभर सांगत फिरलो की स्क्रू ड्रायव्हरचे दोन तुकडे झाले आणि एक जोतिबाच्या शिखरावर सापडला.

चौथीची भिंत भरून झाली तेव्हा जून अर्धा सरला होता. शेवटच्या दिवशी मी पोचलो तर खोलीत कुणी नव्हतं. मोडकी बाकं गेली होती, मखर गेलं होतं. काचेचं कौल मी नवं बसवून घेतलं होतं. पाऊस अजून लांबला होता, आणि उन्हाचा चौकोन फरशीचा मध्य ओलांडून पुढं आला होता. आणि आक्का चौथीच्या भिंतीशेजारी, खिडकीखाली, मांडी घालून, एकटी. ओल्या चुन्याला पाठ लागू नये म्हणून वीतभर पुढं सरकून बसलेली. तिच्या डोक्यावर, खिडकीत, डोंगर.

"पास झालो," ती म्हणाली.

मी समोर पहिलीच्या भिंतीला बसलो. गुडघे वाजले ते बाहेर आवारात ऐकू गेले असतील. तिथनं चौथीची भिंत अजून तेवढीच लांब होती. मग मला राहवेना. मान वळवली.

"चाटू नगो!" आक्का एवढ्यानं ओरडली की माझी जीभ निम्म्यात थांबली. "जीभ भाजंल लेकरा. चुना कच्चा हाय अजून. भितीनं वर्सभर वारा खाल्ला पायजे, मग गोड लागती. वर्सानं ये."

"वर्षानं तू असशील न्हवं?"

"मला काय झालंय? तू ये म्हंजी झालं." उन्हाचा चौकोन सरकून तिच्या पायाशी आला होता. तिनं पाय मागं घेतला नाही. "आन् येताना गूळ आणू नगो. तुझ्या गुळात पावडर असती."

आता पाच महिने झालेत. पावसाळाभर दर शनिवारी गेलो. भिंत कोरडी आहे. टेंगळांचा पापुद्रा इथं माझ्या टीव्हीशेजारी ठेवलाय. कामवाली तो दोनदा कचऱ्यात टाकत होती. गावातनं दोस्ताचा फोन येतो तेव्हा मी आधी दुधाचं विचारतो, पावसाचं विचारतो, आणि मग सहज विचारल्यासारखं करून आक्काचं विचारतो. परवा तो म्हणाला, खोकला हाय, बाकी ठीक, रोज डेअरीवरनं जाताना शाळंत डोकावती, पोरांनी भितीला तोंड लावलंय का बघती. लावलं तर धरून थोबडावती.

"अजून सात म्हयने हाईत म्हणती," तो म्हणाला.

मी म्हणालो, माहीत आहे. मीही मोजतोय.